दुसऱ्याच्या नावाची कॅडिलॅक

रविवारची सकाळ होती, चर्चला निघायची वेळ. पुण्याहून आलेल्या काकांना डेट्रॉईट शहर दाखवायला मी घेऊन चालले होते. लिव्हरनॉय रस्त्याजवळच्या एका गल्लीतून एक कॅडिलॅक सावकाश बाहेर आली आणि पुढच्या सिग्नलला आमच्या शेजारीच थांबली. सत्तरच्या दशकातली असावी. मलई रंग, विनाइलचं तपकिरी छत, चाकांवर पांढरे पट्टे, आणि क्रोम असं लखलखीत की बंपरमध्ये सगळा रस्ता वाकडा होऊन दिसत होता. आत तपकिरी सूट आणि हॅट घातलेले कृष्णवर्णीय आजोबा, शेजारी फिक्या जांभळ्या टोपीतल्या आजी. काच खाली होती, रेडिओवर गॉस्पेल चाललं होतं, आणि जुन्या मोठ्या इंजिनाचा तो थोडा गोडसर पेट्रोलचा वास आमच्यापर्यंत येत होता. ती गाडी ज्या घरासमोरून निघाली तेही आम्ही पाहिलं होतं. पोर्चचा एक खांब कललेला, वरच्या खिडकीला प्लायवूड ठोकलेलं. काका मागे वळून बघत म्हणाले, "घर बघ गं, आणि गाडी बघ!"

बोलण्यात खुनशीपणा नव्हता. नवल होतं, थोडी कीव होती, आणि हिशेब न जमलेल्या माणसाबद्दल हिशेबी माणसाला वाटतं ते काहीतरी होतं. हा सूर मला नवा नाही. नोव्ही, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत राहणारे आम्ही मराठी लोक, त्यातले कितीतरी गाड्यांच्याच कंपन्यांत नोकरीला, शहरातून जाता-येता असंच बोलतो. आधी घर, मग मुलांची शिक्षणं, आणि उरलं तर बरी गाडी, तीही शक्यतो कमी पेट्रोल खाणारी. हा क्रम आपल्या हाडामांसात भिनलेला आहे. तो मोडलेला दिसला की आपण समोरच्याला उधळ्या ठरवून मोकळे होतो. पण आधी घर घ्यायचं, तर घर घेऊ दिलं पाहिजे ना कुणीतरी?

काकांचं ते वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

काकांना गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, त्याच्या गोष्टी त्यांनी वडिलांकडून ऐकलेल्या. मुंबईत सुट्टीला आले की रस्त्याच्या कडेला उभं राहून शेवरलेट, डॉज, प्लिमथ ओळखायच्या हा त्यांचा खेळ. त्यामुळे कॅडिलॅक म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. डेट्रॉईट वसवणाऱ्या आंत्वान द ला मोथ कॅडिलॅक या फ्रेंच माणसाचं नाव १९०२ मध्ये या गाडीला मिळालं. हेन्री फोर्ड आपल्या आधीच्या कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रसामग्रीतून हेन्री लेलंड यांनी ही कंपनी उभी केली. लेलंड मूळचे बंदुकांच्या कारखान्यांत तयार झालेले. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत माप चुकता कामा नये, या हट्टाचे. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक पार सुट्या केल्या गेल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. सगळ्यांचा एकच ढीग केला, त्यातले ८९ भाग काढून दुकानातले नवे टाकले, आणि त्या ढिगातून साध्या पान्यांनी आणि स्क्रूड्रायव्हरनी पुन्हा तीन गाड्या जोडल्या. जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या. त्या काळी एका गाडीचा भाग दुसरीला बसवायचा तर कानशीने घासून बसवावा लागे, म्हणून या खेळाचं अप्रूप. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला. पुढे कंपनी स्वतःला 'जगाचं प्रमाण' म्हणवू लागली, आणि त्या दिवसांपुरतं तरी ते खरं होतं.

मला या प्रसंगात दरवेळी काहीतरी गवसल्यासारखं वाटतं. कुठलाही भाग कुठल्याही गाडीला बसला, कारण सगळे एकाच मापाचे होते. लोखंडाच्या बाबतीत ज्यांना हे १९०८ मध्ये साधलं, त्यांना माणसांच्या बाबतीत पुढची पंचवीस वर्षं तरी ते मानवलं नाही.

१९१२च्या मॉडेलमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि गाडी सुरू करायला हँडल मारायची गरज उरली नाही. त्या हँडलच्या उलट्या झटक्याने हात-जबडे मोडायचे. स्टार्टरमुळे बायकांना गाडी एकटीने बाहेर काढता येऊ लागली, आणि मी स्वतः रोज चाळीस मैल गाडी हाकणारी बाई असल्यामुळे या शोधाचं ऋण मनापासून मानते. मग आठ सिलिंडरचं इंजिन आलं. १९१७ मध्ये लेलंड बाहेर पडले आणि त्यांनी लिंकन नावाची दुसरी कंपनी काढली. आणि जानेवारी १९३० मध्ये, शेअर बाजार कोसळून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा कॅडिलॅकने सोळा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. मी ती संग्रहालयात पाहिली आहे. बॉनेट उघडलेलं होतं, इंजिनाच्या तारा आणि नळ्या झाकून टाकलेल्या, वर काळं एनॅमल आणि पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम. यंत्राला दागिन्यासारखं घडवलंय. पहिल्या वर्षी ती बरी खपली, मग मंदीने गिऱ्हाईकच उरलं नाही. दशकभरात सगळ्या मिळून चार हजारांच्या आसपास बनल्या. १९३२ पर्यंत, कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या वरच्या मजल्यावर ही गाडी बंदच करून टाकावी का, याची चर्चा सुरू झाली होती.

इथून पुढची गोष्ट व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी लिहून ठेवली आहे. निकोलस ड्रायस्टाट नावाचा जर्मनीत जन्मलेला एक गृहस्थ तेव्हा कॅडिलॅकचा सर्व्हिस विभाग बघायचा. मेकॅनिकांतला माणूस. देशभरच्या सर्व्हिसच्या शेडमध्ये फिरताना त्याच्या लक्षात आलं की दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांचे मालक बरेचदा कृष्णवर्णीय असतात. डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक, जमिनीचे व्यवहार करणारे. आणि कंपनीचं धोरण तर असं, की कृष्णवर्णीयांना कॅडिलॅक विकायची नाही. प्रतिष्ठेला धक्का बसतो. मग या गाड्या त्यांच्याकडे आल्या कशा? तर एखाद्या गोऱ्या माणसाला काहीशे डॉलर देऊन. तो शोरूममध्ये जायचा, त्याच्या नावाने पावती फाटायची, आणि गाडी खऱ्या मालकाच्या दारात यायची. ड्रायस्टाट बोलावणं नसताना वरिष्ठांच्या बैठकीत शिरला आणि म्हणाला, या लोकांना आपण थेट विकू या. त्याला मुदत मिळाली. १९३४ मध्ये तो कॅडिलॅकचा प्रमुख झाला. कंपनी वाचली.

एकट्या या निर्णयाने वाचली, असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. ड्रायस्टाटने कारखान्यातला खर्च निर्दयपणे खाली आणला, आणि १९३६ मध्ये आलेल्या स्वस्त 'सिरीज सिक्स्टी'ने विक्री खरी वर नेली. शिवाय त्या बैठकीत कुणाचं मन पालटलं बिलटलं नव्हतं, हिशेब पालटला होता. पण वाईट दिवसांत ही गाडी ज्यांनी सोडली नाही, ती माणसं कंपनीच्या लेखी गिऱ्हाईकच नव्हती, एवढं यातून उरतंच. सोळा सिलिंडर जे करू शकले नाहीत ते या माणसांच्या हट्टाने केलं. गाडीच्या किमतीवर वरचे काहीशे डॉलर मोजून, शोरूमच्या काचेबाहेर उभं राहून त्यांनी हा हट्ट पुरवला. त्या काचेबाहेरच्या माणसाचा विचार मी पुष्कळदा करते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीचा रंग दुसऱ्याला सांगून निवडायचा. आतल्या चामड्याचा वास पहिल्यांदा दुसऱ्याने घ्यायचा.

आता घराबद्दल. १९२५ मध्ये ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी डेट्रॉईटच्या पूर्व भागात, गार्लंड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. सप्टेंबरमध्ये राहायला आल्याच्या दुसऱ्या रात्री दारासमोर शेकडोंचा जमाव, दगडांचा पाऊस. घरातून गोळ्या सुटल्या, बाहेर एक माणूस मेला, आणि डॉक्टर, त्यांची बायको, भाऊ, मित्र सगळे खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात. क्लॅरेन्स डॅरो या नामवंत वकिलांनी खटला लढवला आणि अखेर कुणालाच शिक्षा झाली नाही. पण घर म्हणून ते घर त्यांना लाभलं नाही. आणि काकांना मी नंतर जी भिंत दाखवली ती १९४१ची. एट माइल नावाच्या रस्त्याच्या दक्षिणेला, बर्वुड स्ट्रीटच्या मागे, सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. पलीकडे गोऱ्यांसाठी नवी घरं बांधायची होती. कृष्णवर्णीयांची वस्ती इतकी जवळ असताना सरकारी हमीचं कर्ज मिळेना, तेव्हा बिल्डरने मध्ये ही भिंत घातली. मग कर्ज मिळालं. भिंत अजून उभी आहे, काही भागांत तिच्यावर रंगीबेरंगी चित्रं काढली आहेत. काकांनी तिच्यावर तळहात ठेवला, वर बघितलं आणि विचारलं, "इतकीच?" मला तो प्रश्न फार बरोबर वाटला. सहा फुटांची भिंत कुणीही चढून जाईल. ती माणसं अडवायला नव्हतीच, बँकेच्या नकाशावर रेघ दिसावी म्हणून होती.

म्हणजे ज्या डॉक्टरकडे पैसे होते त्याला हव्या त्या गल्लीत घर नाही, चांगल्या हॉटेलात खोली नाही, कित्येक ठिकाणी पोहायच्या तलावात पाय बुडवायची सोय नाही. दक्षिणेत बसमध्ये मागची जागा. राहता राहिली गाडी. चार चाकांवरची ती एकच खोली अशी होती, जिथे त्याला उठ म्हणणारं कुणी नव्हतं.

निदान आत बसलेला असेपर्यंत. रस्त्यावर पोलीस होतेच, आणि भारी गाडीतला कृष्णवर्णीय माणूस दिसला की ती चोरलेली असणार हा त्यांचा पहिला अंदाज. म्हणून त्या काळातली कितीतरी माणसं गाडीत ड्रायव्हरची टोपी ठेवत. अडवलं तर ती डोक्यावर चढवायची आणि सांगायचं, साहेबांची गाडी आहे, पोचवायला चाललोय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मागच्या सीटवर पोरं बसलेली असणार. बाप टोपी घालून स्वतःचा नोकर होतोय, ते बघत असणार.

युद्धानंतर मात्र या गाडीने अंग झटकलं. हार्ली अर्ल या डिझाइनरने लढाऊ विमान बघून १९४८च्या कॅडिलॅकला मागे छोटे पंख फुटवले, ते वाढत वाढत १९५९ मध्ये इतके उंच आणि टोकदार झाले की मला त्यात आता सौंदर्यापेक्षा आरडाओरडाच जास्त जाणवतो. पण न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन आपली गुलाबी कॅडिलॅक स्वतःच्या रेस्टॉरंटसमोर उभी करायचा, तेव्हा पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची. त्या गुलाबी रंगात काय नव्हतं! सप्टेंबर १९४९ मध्ये 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या मासिकाने संपादकीयच लिहिलं, आपली माणसं कॅडिलॅक का घेतात यावर. आपण कुठल्याही गोऱ्या माणसाच्या तोडीचे आहोत याची ही भक्कम खूण आहे, असा त्याचा आशय. हे सगळ्यांना पटलं होतं असं मुळीच नाही. १९५७ मध्ये समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी आपल्याच समाजातल्या मध्यमवर्गाच्या दिखाऊपणावर सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं मला कळतं. गाडीने मान मिळाल्यासारखं वाटतं, मताचा हक्क मिळत नाही. तरीही फ्रेझियर यांनी हे बोलणं आणि सिग्नलला थांबलेल्या आम्ही ते बोलणं यांत फरक आहे. ते घरातल्या माणसांना सुनावत होते.

बाहेरच्यांनी काय केलं ते पुढे आलंच. १९७० मध्ये अमेरिकेत एक गाणं गाजलं, सरकारी मदतीवर जगणारा माणूस कॅडिलॅक फिरवतो अशा टवाळीचं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयाने गायक जॉनी कॅश यांना व्हाइट हाउसमध्ये ते गायची विनंती केली. कॅश यांनी ते गायलं नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन प्रचारसभांतून शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगू लागले, अनेक नावांनी सरकारी मदत लाटणारी. वर्तमानपत्रांतल्या तिच्या बातम्यांत कॅडिलॅक होतीच. गाडी तीच, पण गोऱ्या गृहस्थाच्या दारात ती कर्तबगारीचा पुरावा, आणि कृष्णवर्णीयाच्या दारात लबाडीचा.

त्या संध्याकाळी मी काकांना विचारलं, "काका, चाळीसगाव स्टेशन आठवतं?" काका मूळचे धुळ्याचे. "न आठवायला काय झालं?" म्हणाले. मग मी त्यांना बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला १९२९ सालचा प्रसंग सांगितला. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला, त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, घोडा आणि टांगा खाली गेले, आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचं हाड मोडलं. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, आणि टांगा हाकणाऱ्याला वाटत होतं की याला नेलं तर आपली पत जाईल. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या गल्लीत एकाने पहिली स्कूटर घेतली होती. रेल्वेत होता. वडील म्हणाले होते, बघा, सवलतीचे पैसे." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "पगाराचे होते गं. त्याच्या पगाराचे." काकांच्या तोंडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्याबद्दलची माझी माया त्या संध्याकाळी वाढली.

माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स १९५७ पासून डेट्रॉईटमध्येच राहिल्या. २००५ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांना ज्या शववाहिकेतून नेलं ती १९४० सालची लासाल होती, कॅडिलॅकच्याच घरातली. २०१८ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन यांनाही त्याच गाडीतून नेलं, आणि सेव्हन माइल रस्त्यावरच्या चर्चबाहेर देशभरातून आलेल्या गुलाबी कॅडिलॅकची रांग लागली. शंभराच्या वर गाड्या. कुठल्याही जाहिरात कंपनीला कितीही पैसे देऊन ते दृश्य उभं करता आलं नसतं.

आणि ज्या कंपनीसाठी हे सगळं झालं, तिने मधल्या काळात स्वतःच्या नावाची काय दशा केली होती? १९८२च्या मॉडेल वर्षासाठी स्वस्तातल्या शेवरलेट कॅव्हेलियरला थोडं चामडं आणि आपला बिल्ला लावून 'सिमारॉन' म्हणून जवळजवळ दुप्पट किमतीला विकायला काढलं. गिऱ्हाईक इतकं खुळं नसतं. लेलंड यांच्या हजाराव्या इंचाचा असा अपमान बघून मला आजही राग येतो. जर्मन आणि जपानी गाड्या पुढे गेल्या, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विक्रीत लिंकननेही मागे टाकलं. मग घाईघाईने १९९९च्या मॉडेल वर्षासाठी एस्कलेड ही मोठी एसयूव्ही आणली, तीही जनरल मोटर्सच्याच जीएमसी या दुसऱ्या ब्रँडच्या गाडीवर बिल्ला बदलून. पण पुढच्या काही वर्षांत हिप-हॉपच्या गायकांनी आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंनी ती उचलली, गाण्यांतून आली, व्हिडिओंतून आली, आणि म्हाताऱ्यांची म्हणून गणली गेलेली कॅडिलॅक पुन्हा तरुण पोरांच्या तोंडी बसली. सत्तर वर्षांत दुसऱ्यांदा त्याच लोकांनी तिला वर काढलं. यावेळी निदान शोरूमचं दार उघडं होतं.

दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून लोक दिवसभर बसतात, आणि मालक मंडळी बॉनेट उघडून हौसेने माहिती देतात. किती सिलिंडर, कुठला रंग, कुणी नव्याने चामडं बसवलं. तीसच्या दशकातली कॅडिलॅक दिसली की मी हल्ली एकच प्रश्न विचारते, हिचा पहिला मालक कोण होता? काहींकडे जुने कागद असतात, ते प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून दाखवतात. त्या कागदांवरची नावं मी नीट वाचते. पण त्या दिवसांत पावतीवरचा माणूस आणि गाडीत बसलेला माणूस एकच असेल असं नसे, आणि पैसे घेऊन सही करणाऱ्याने ती गोष्ट कुठे नोंदवून ठेवायचं कारणच नव्हतं. त्यामुळे मंदीच्या त्या वर्षांत कॅडिलॅकला नक्की किती कृष्णवर्णीय घरांनी जगवलं, याची मोजदाद कंपनीच्या दप्तरातून होणार नाही. ती झालीच तर डेट्रॉईटच्या, शिकागोच्या, हार्लेमच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून होईल, त्यांच्या आजोबांकडे कुठली गाडी होती आणि ती कुणाच्या नावावर होती म्हणून.

काका परत गेले तरी फोनवर विचारत असतात, कुणी सापडलं का. पुढच्या ऑगस्टला ते पुन्हा येणार आहेत. या वेळी मेळ्यात त्यांना स्वतः विचारायचंय.